कडूबाईला कुणी हाक मारली?

मी एक जुनी काहील आहे. काहील म्हणजे गुऱ्हाळावर उसाचा रस उकळायची भलीमोठी लोखंडी कढई. पण मित्रांनो, आज मला बघून कुणी काहील म्हणणार नाही. माझा तळ कापून, वाकवून त्याचा ढोल केला आहे आणि त्या ढोलात आता कॉफीच्या बिया भाजल्या जातात.

माझी उमेदीची वर्षं देवळाली प्रवराला गेली. भिमाजी गुळव्या आणि त्यांची बायको कडूबाई यांचं ते गुऱ्हाळ. भिमाजींचे डोळे धुरानं अधू झाले होते. पाक आला की नाही, ते त्यांना दिसत नसे. मग ते म्हणायचे, "अगं, बघ बरं, झाला का?" कडूबाई वाकून माझ्यात बघायच्या. पिवळाधमक गूळ निघायचा. लोक यायचे, गूळ चाखायचे, भिमाजींचं कौतुक करायचे आणि जाता जाता माझ्या काठावरही एक थाप मारायचे.

एका हंगामात कडूबाई सोनईला लेकीकडे गेल्या होत्या. सकाळी भिमाजींनी एकट्यानंच चुलाण पेटवलं. रस उकळू लागला आणि भिमाजी माझ्या शेजारी बसल्या बसल्या एका कुशीवर कलंडले. ते पुन्हा उठले नाहीत. रस आटला, पाक झाला, पाकाचा कोळसा झाला. करपल्याचा वास गावात पोचला तेव्हा कुठे माणसं धावत आली.

गुऱ्हाळ बंद पडलं. कडूबाई कायमच्या सोनईला गेल्या. मी अंगणात पालथी पडून राहिले. माझ्या पाठीवर कोंबड्या बसत. पुढे भाऊबंदांनी मला भंगारात घातलं.

तिथून मला उचललं कल्याणनं. नगरच्या एमआयडीसीत त्याचा लेथचा कारखाना होता. सावेडीच्या लीनाताईंना कॉफी भाजायचं यंत्र हवं होतं. शाळेतली नोकरी सोडून त्या या धंद्यात उतरल्या होत्या. कल्याणनं मला घासलं, कापलं, गोल केलं, पोटात पाती बसवली, खाली बर्नर लावला. "जुना पत्रा आहे ताई. उष्णता धरून ठेवतो," तो म्हणाला.

पहिल्याच दिवशी ते घडलं. बिया तापल्या, फुगल्या आणि तडतडू लागल्या. त्या तडतडीतून एक आवाज निघाला. बारीक, घासल्यासारखा. "कडूबाई, लवकर या."

लीनाताईंना वाटलं, बेअरिंग वाजतंय. कल्याणनं मला दोनदा खोललं. काहीच सापडलं नाही. मला मात्र वाटलं, हे भिमाजीच. जाताना त्यांच्या ओठांवर जी हाक राहून गेली, तीच माझ्या लोखंडात अडकली असणार.

माझ्यातल्या कॉफीचं नाव होत गेलं आणि बंगळूरला भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कॉफी मेळाव्याचं बोलावणं आलं. तिथं जगभरातले भाजणारे आपापली कॉफी मांडतात, पारखी लोक ती चाखतात. लीनाताईंनी मलाही टेम्पोत चढवलं, कल्याणही सोबत आला. तिथल्या स्पर्धेत स्वतःच्या यंत्रावर भाजून दाखवायचं होतं. इतक्या वर्षांची धडपड तिथं लोकांपुढे येणार होती.

केवढा तो मांडव! दिव्यांचा लखलखाट, काचेसारखी चकचकीत यंत्रं, नाना देशांची माणसं. त्यांच्यात मी काळी, ओबडधोबड. दुपारी लीनाताईंनी पहिला घाणा भाजला आणि कप मांडले. इथिओपियाहून आलेल्या हिरुत नावाच्या वयस्कर पारखी बाईंनी चमच्यानं घोट घेतला. घेतला आणि झटकन मागे वळून पाहिलं. मागे फक्त भिंत होती.

"तुमच्या भाषेत कडूबाई म्हणजे काय?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

लीनाताईंच्या हातातली किटली थांबली. "बाईचं नाव आहे. पण तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आत्ता माझ्या मागे कुणीतरी म्हणालं."

मग पुढचा माणूस आला. त्यानं घोट घेतला आणि तोही मागे वळला. त्याच्या पुढची मुलगी वळली. रांगेतला एकेक जण कप ओठाला लावी आणि मान वळवून पाठीमागे पाही. एवढ्या गजबजाटात आमच्या टेबलाभोवती विहिरीत असते तशी शांतता पसरली.

"ताई," कल्याण कुजबुजला, "सगळेच मागं बघतायत हो."

ही बातमी मेळाव्यात पसरली. एक बडा परदेशी व्यापारी आला आणि मला यंत्रासकट विकत मागू लागला. लोकांना दाखवायला त्याला मी हवी होते. मित्रांनो, सांगा, परक्या देशात ही हाक कुणाला कळणार होती?

"देऊन टाका," कल्याण म्हणाला. "माझ्या तर अंगावर काटा येतोय. मी नवीन करून देतो तुम्हाला."

लीनाताई हो म्हणणारच होत्या. तेवढ्यात हिरुतबाई परत आल्या. त्यांनी माझ्यावर हात ठेवला. "आमच्याकडे कॉफी भाजली की तिचा धूर आधी पाहुण्यांपुढे नेतात," त्या म्हणाल्या. "तुमची पाहुणी अजून आलेली नाही."

लीनाताईंनीही माझ्या पत्र्यावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "कल्याण, हा पत्रा कुठला?"

कल्याणनं भंगारवाल्याला फोन लावला. बोलता बोलता त्याचा चेहरा उतरला. "देवळालीच्या गुऱ्हाळाची काहील होती. गुळव्या वारला. त्याची बायको आहे अजून, सोनईला." त्यानं फोन खाली ठेवला. "कडूबाई नाव तिचं."

स्पर्धा दुसऱ्या दिवशी होती. लीनाताईंनी नाव मागे घेतलं आणि मला टेम्पोत चढवलं. वाटेत त्या एकदा रडल्या. पण टेम्पो वळवायला त्यांनी सांगितलं नाही.

कडूबाईंना त्यांनी सावेडीला आणलं. त्या पार वाकल्या होत्या. भर दुपारी, दार उघडं ठेवून, लीनाताईंनी मला पेटवलं. बिया तडतडल्या. "कडूबाई, लवकर या."

लीनाताई हळूच म्हणाल्या, "आजी, तुमचे मालकच हाक मारतात ना?"

कडूबाईंनी कान देऊन पुन्हा ऐकलं आणि मान हलवली. "न्हाई. ह्यो आवाज त्यांचा न्हाई. त्यांनी मला जन्मात नावानं हाक मारली न्हाई. 'अगं' म्हनायचे. आन् ते मला 'या' म्हनतील व्हय?"

"मग कोण?"

कडूबाई माझ्याजवळ आल्या. "त्या दिशी तितं दुसरं कोन हुतं?"

मी होते, मित्रांनो. तिथं फक्त मी होते.

माणूस आपल्या शेजारी कलंडलेला, पोटात पाक करपत चाललेला, आणि कुणीच येत नव्हतं. तेव्हा मीच ओरडले होते. ओरडतच राहिले होते आणि माझं मलाच ते ठाऊक नव्हतं.

कडूबाईंनी माझ्या तापल्या अंगाजवळ तोंड आणलं. "मी घरी न्हवते गं," त्या म्हणाल्या. "सोनईला गेल्ते. मला न्हाई आलं ऐकू." मग पदर तोंडाला लावून त्या खाली बसल्या. लीनाताईंनी बर्नर बंद केला आणि त्याही शेजारी टेकल्या.

आता बिया तडकतात तेव्हा फक्त बियाच वाजतात. कॉफीला पूर्वीइतकं नाव राहिलं नाही, असं काही जण म्हणतात. पण ती पिताना कुणी मागे वळून बघत नाही.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. घरातली जुनी वस्तू टाकून देण्याआधी तिच्यावर थोडा वेळ हात ठेवा. तिनं काय पाहिलं असेल, ते एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. आणि रिकाम्या खोलीत कधी कुणी नावानं बोलावलं, तर पळून जाऊ नका. एकदा ओ द्या.

आम्ही लोखंडाचे आहोत. आमचा घसा बसत नाही. ओ मिळेपर्यंत आम्ही हाक मारतच राहतो.