माझ्यात काहीच बिघाड नव्हता

मित्रांनो, मी एक जुनी मोटरसायकल आहे. पण मला पाहून तुम्हाला ते खरे वाटणार नाही. माझी टाकी आरशासारखी चकाकते. माझ्या स्पोकांमध्ये धुळीचा कण सापडणार नाही. एका इमारतीच्या तळमजल्यावर, दोन खांबांच्या मधे, माझ्या मापाने शिवलेल्या राखाडी कव्हराखाली मी उभी असते. येणारेजाणारे म्हणतात, गाडी ठेवावी तर अशी! मला त्या कौतुकाचा वीट आला आहे. का, ते सांगते.

दूध आणायला किंवा ऑफिस गाठायला मला घडवलेले नाही. माझे पुढचे चाक मागच्यापेक्षा मोठे आहे. दगडधोंडे लागू नयेत म्हणून पोट जमिनीपासून वीतभर उंच आहे. टाकी एवढी मोठी, की एकदा भरली की दिवसभर पेट्रोलपंपाचे तोंड पाहायला नको. कारखान्यातल्या शेवटच्या दिवशी मला फिरत्या रुळांवर उभी करून ऐंशीच्या वेगाने पळवले. मी जिवाच्या आकांताने पळाले आणि जागची तसूभरही हलले नाही. तेव्हा मला त्याची गंमत वाटली होती.

माझा पहिला मालक रस्त्यांची मोजणी करायचा. नकाशावरची रेघ जिथे पुसट होते, तिथे त्याचे काम सुरू व्हायचे. त्याने मला कधी पुसले नाही. वाटेत ओढा लागला की आपोआप अंघोळ व्हायची. पण तेल वेळच्या वेळी बदलायचा आणि मुक्कामाला पोचला की आधी माझ्या चेनला तेल, मग स्वतःचा चहा. चढावर म्हणायचा, "चल बाई, एवढा एक काढ, मग बस म्हणतो." पुढचा चढ आला की पुन्हा तेच म्हणायचा. मला त्याचा हा खोटेपणा फार आवडायचा.

त्याच्याबरोबर मी तीनदा पडले. एकदा वाळूत, एकदा शेवाळावर आणि एकदा एका म्हशीला वाट देताना. प्रत्येक पडण्याची खूण माझ्या अंगावर होती. म्हशीची टाकीवर, उजव्या बाजूला. मी ती मिरवत असे.

मग त्याच्या मणक्यातली चकती सरकली. डॉक्टरांनी गाडी बंद सांगितली. त्याने मला विकायला काढले आणि एका रविवारी सकाळी तिघे जण मला बघायला आले: एक चष्मेवाला, त्याची नऊ वर्षांची मुलगी आणि ओळखीचा एक मेस्त्री. चष्मेवाल्याचे चष्म्यांचे दुकान होते. मुलीला घरात सगळे भिंगरी म्हणत, आणि का म्हणत ते दोन मिनिटांत कळले. ती माझ्याभोवती चार फेऱ्या मारून वर चढूनही बसली होती.

मेस्त्रीने आधी माझ्या इंजिनावर तळहात टेकला. "थंड आहे. माणूस सरळ दिसतोय," तो म्हणाला. "लबाड लोक गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी तापवून ठेवतात. मग सकाळची कुरकुर ऐकूच येत नाही." त्याने बटण दाबले. मी पहिल्या झटक्यात सुरू झाले.

"पडलेली दिसतेय पण," टाकीवर बोट ठेवत चष्मेवाला म्हणाला.

"तीनदा," मोजणीवाला म्हणाला. "लपवून काय करू? कपाटात ठेवली असती तर पडली नसती."

चष्मेवाल्याने आणखी पंधरा प्रश्न विचारले. शेवटी मेस्त्री वैतागला. "अहो, गाडी घेताय की जावई बघताय?"

भिंगरीने मात्र एकच प्रश्न विचारला. "काका, हिच्यावरून सगळ्यात लांब कुठे गेलात?"

"दीपगृहाला. नऊ तास लागतात. रस्ता तिथेच संपतो. एकशे बारा पायऱ्या चढून वर गेलं ना, की तिन्ही बाजूंना नुसतं पाणी."

"बाबा, आपण जायचं!"

"जाऊ की," चष्मेवाला म्हणाला. मनापासून म्हणाला. त्याची मी साक्षीदार आहे.

भिंगरीला मागे बसवून घरी पोचलो आणि इमारतीच्या फाटकापाशीच घात झाला. तिथे थोडा उतार आहे. चष्मेवाल्याने पाय खाली टेकायला सोडला आणि पायाला जमीन लागलीच नाही. मी दोनशे किलोंच्या वर. एकदा कलले, की मला आवरणे कुणाच्या बापाला जमायचे नाही. त्याने जीव खाऊन मला धरले. पण आम्ही तिघेही हळूहळू, अगदी सगळ्यांना नीट दिसेल अशा बेताने, आडवे झालो. भिंगरीचा गुडघा खरचटला. ती उठली आणि हसत सुटली. "बाबा, परत!"

पण चष्मेवाला पांढराफटक पडला होता. तो आधी तिच्या गुडघ्याकडे पाहत राहिला, मग तिच्या डोक्याकडे. तेवढ्यात जिन्यातून एक शेजारी ओरडला, "उंट घेतलात साहेब, शिडी नाही का घेतली?" सगळे हसले. चष्मेवालाही हसला. माझ्या हँडलवरचे त्याचे हात मात्र थरथरत होते. मित्रांनो, ती थरथर फक्त मला कळली. त्याने ती कधीच कुणाला सांगितली नाही. पुढच्या सगळ्या वर्षांचे मूळ तिथे आहे.

दुसऱ्या रविवारी भिंगरी पाण्याची बाटली गळ्यात अडकवून खाली आली. "निघायचं?"

"आधी गाडी नीट होऊ दे गं," चष्मेवाला म्हणाला.

आणि मला नीट करणे सुरू झाले. माझे पोचे भरून काढले, वर रंग चढवला. म्हैस पुसली गेली, वाळू पुसली गेली. पडले तर लागू नये म्हणून दोन्ही बाजूंना लोखंडी दांडे बसवले. ॲल्युमिनियमच्या पेट्या आल्या. जादा दिवे आले. सीट कापून बुटकी केली, मग मागचे शॉक बदलून मला आणखी खाली आणले. त्यामुळे स्टँड लांब पडू लागला, म्हणून तोही कापला. मेस्त्री म्हणाला, "आता तुमचे दोन्ही पाय टेकतात. आता कशाचं अडलंय?"

"वारा लागतो हो समोरून," चष्मेवाला म्हणाला. मग उंच काच आली.

दर रविवारी तो चष्मे पुसायच्या मऊ फडक्याने मला पुसायचा. स्पोक दात घासायच्या ब्रशने घासायचा. मग सकाळी, रस्ते रिकामे असताना, पेट्रोलपंपापर्यंत जाऊन परत यायचा. एकटाच. भिंगरीला मागे घेतले नाही. त्याला तिचा गुडघा आठवत असणार. माया नव्हती असे मी म्हणणार नाही. माया फार होती आणि तीच आमच्या मुळावर आली.

नवव्या वर्षी त्याने तिच्यासाठी पिवळे हेल्मेट आणले. ते अकराव्या वर्षी डोक्यात जाईना, म्हणून दुसरे आणले. तेराव्या वर्षी तिसरे. तिन्हींच्या काचेवरचा दुकानाचा कागद निघाला नव्हता.

भिंगरीची आई नर्स होती. ड्यूटीवरून दमून यायची आणि जाता जाता चष्मेवाल्याला ऐकवायची, "अहो, गाडी आहे का पेशंट? पाच वर्षं ॲडमिट आहे! आमच्याकडे मेलेला माणूससुद्धा इतके दिवस ठेवत नाहीत." चष्मेवाला खाली मान घालून चेन पुसत राही.

सुरुवातीला भिंगरी शाळेतून आली की दप्तर टाकून माझ्यावर चढायची. पेटीला टेकून बसायची आणि हवेतच कुणाला तरी सांगायची, "घट्ट धर हं, आता वळण आहे... आला, आला, समुद्र आला!" मला चाके होती, इंजिन होते, टाकीत पेट्रोल होते. नव्हता तो फक्त निघणारा माणूस. नंतर ती नुसतीच बसून अभ्यास करू लागली. अधूनमधून विचारायची, "बाबा, कधी?" मग एक दिवस तिने विचारणे सोडून दिले. चष्मेवाल्याला हायसे वाटले. मला नाही.

ती सोळा वर्षांची झाली, तेव्हा मात्र एक नवल घडले. चष्मेवाल्याने मेस्त्रीला गाठले आणि चक्क म्हणाला, "मला नीट चालवायला शिकव. कुणाला सांगू नकोस." दोन महिने, दर रविवारी, बंद बाजाराच्या मोकळ्या आवारात आम्ही इंग्रजी आठाच्या आकड्यासारख्या चकरा मारल्या. तो मला चारदा पाडून बसला. नव्या रंगावर ओरखडे उठले, आणि खरे सांगते, किती वर्षांनी मला अंगात जीव आल्यासारखे वाटले! पाचव्यांदा त्याने मला पडता पडता सावरले. मेस्त्रीने टाळी वाजवली. चष्मेवाल्याच्या हातांची थरथर थांबली होती.

त्याच संध्याकाळी भिंगरी क्लासहून येताना दिसली. त्याने तिला हाक मारली.

"शनिवारी निघायचं. रजा टाकायला सांग आईला, नाहीतर आपण दोघंच जाऊ."

"कुठे?"

"कुठे म्हणजे काय? दीपगृहाला!"

दप्तराचा पट्टा तिने या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. "बाबा, मी जाऊन आले."

"कधी?"

"सुट्टीत. मैत्रिणीच्या ताईबरोबर दोन दिवस गेले होते ना, तेव्हाच. आईला माहीत होतं. तुला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं."

"कशावरून गेलात?"

"ताईच्या स्कूटरवरून."

"स्कूटरवरून?" त्याने माझ्याकडे पाहिले. माझे दांडे, माझ्या पेट्या, माझे जादा दिवे.

"आरामात गेली. रस्ता चांगला झालाय आता." मग ती जवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "एक विचारू? खरं सांगशील? आपण इतकी वर्षं का नाही गेलो? मला वाटायचं, तुला माझ्याबरोबर जायचंच नाहीये."

मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड असते तर! त्याने ओठ उघडले. आता सांगेल, असे मला वाटले. फाटकापाशी पडलो तेव्हापासून मी घाबरलोय, एवढेच तर म्हणायचे होते. ती रागावली नसती. मला तिचा स्वभाव ठाऊक आहे, सात वर्षे ती माझ्या पाठीवर बसली आहे.

"तसं नाही गं," चष्मेवाला म्हणाला. "गाडी नीट नव्हती. हिचा भरवसाच नव्हता."

"हं," भिंगरी म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिले, जसे आपण न आलेल्या पाहुण्याच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहतो. मग ती वळली आणि जिना चढू लागली. तिच्या चपलांचा आवाज चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू येत होता. तेवढ्या वेळात एक हाक सहज मारता आली असती. चष्मेवाल्याने खिशातून फडके काढले आणि तो माझी काच पुसू लागला.

माझ्या काचेवर काहीही नव्हते.

मुलांनो, गाड्या पुसा, त्यांना तेलपाणी करा, मी नको म्हणत नाही. यंत्राला निगा लागते. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल आणि कुणीतरी लहान मूल तुमच्या पाठीमागे बसायला येईल. तेव्हा भीती वाटली तर भीती वाटते म्हणा. त्या भीतीला माझ्या बिघाडाचे नाव देऊ नका. मला बोलता येत नाही, म्हणून माझ्यावर काहीही खपते. मुलाला सांगून तर बघा. ते पळून जाणार नाही. मागून कमरेला मिठी मारेल आणि म्हणेल, चल, हळू चालव.