रशियाहून आलेला कागद

पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं रशियन शोधनिबंध इंग्रजीत आणले. विषाणू, प्रतिपिंडं, लशी. एकेका शब्दाचं एकेक कार्ड. शब्द चुकला तर साहेब लाल पेन्सिलीने खूण करायचे, दुसऱ्या दिवशी दुरुस्ती व्हायची. त्या सकाळी जळगावला डॉक्टर भूपेंद्रांसमोर बसले, तेव्हा चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त होणारी नव्हती.

माझ्या भाच्याची, योगराजची, मुलगी भाविका रशियात डॉक्टरकी शिकते. सुट्टीवर निघायच्या आदल्या दिवशी भटक्या कुत्र्याने तिची पोटरी फाडली. तिथे रेबीजची पहिली लस झाली, दुसरी घरी आल्यावर, फैजपूरला. जखम चिघळली म्हणून योगराजने तिला इथे आणलं, आणि तिथल्या दवाखान्याचा रशियन कागद वाचायला मला बोलावलं.

डॉक्टरांना एकच गोष्ट हवी होती. लशीमुळे शरीर विषाणूशी लढणारी प्रतिपिंडं स्वतः बनवतं, पण सावकाश. इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे तयार प्रतिपिंडं, थेट जखमेत टोचतात. ते दिलं होतं का?

"दोनदा गेलं तर लशीचं काम मंदावतं, अक्का. आणि गेलंच नसेल, तर पहिल्या लशीपासून सात दिवसांतच द्यावं लागतं, उद्यानंतर देऊन उपयोग नाही."

कागदावर इम्युनोग्लोब्युलिन होतं. पुढे 'नाझ्नाचेन'. म्हणजे लिहून दिलं. टोचलं, असं कुठेही नव्हतं. भाविका म्हणाली, दोन सुया टोचल्या. कुठे, ते तिला नीट सांगता येईना.

"आत्या, दिलंय असं लिहून टाका ना," योगराज म्हणाला. "पोरगी आधीच घाबरलीय."

मी नऊ वर्षांची असताना तोतारामकाका पिसाळलेला कुत्रा चावून गेले. पाण्याचा तांब्या ते स्वतःच मागायचे आणि समोर आला की किंचाळायचे. मी पेनाचं टोपण लावून टाकलं.

कागदाच्या माथ्यावर तिथल्या दवाखान्याचा फोन नंबर होता. तीस वर्षांत मी रशियन बोलले नव्हते. पलीकडची बाई भराभरा बोलत होती. मी दोनदा विचारलं. तिने बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं सावकाश सांगितलं: एक सुई लशीची, एक धनुर्वाताची. इम्युनोग्लोब्युलिन दिलं नाही. रुग्णाने नकार दिला, खाली सही आहे.

मी ते मराठीत सांगितलं. योगराज लेकीकडे वळला.

"सही केली होती," भाविका पुटपुटली. "मला वाटलं, घरी जायची परवानगी. आम्हाला इंग्रजीत शिकवतात, मला रशियन वाचता येत नाही."

डॉक्टरांनी बाटली मागवली. जखमेच्या कडेकडेने सुई शिरत होती तेव्हा तिने माझं मनगट आवळून धरलं. मी मनात दिवस पुन्हा पुन्हा मोजत होते. सहाच भरत होते.

पट्टी बांधून झाल्यावर तिने सॅकमधून आणखी तीन कागद काढले, कॉलेजच्या दवाखान्यातले.

"आजी, हेही वाचून दाखवा."

तिन्हींच्या खाली तिची सही होती.