तीन दिवसांची पट्टी

माझे सासरे येडबा म्हणजे मेंढरांचे हाडवैद्य. कोकराचा पाय मोडला की बांबूच्या कामट्या लावून लोकरीच्या दोरीनं असा आवळतात, की पावसातसुद्धा दोरी सैल पडत नाही. त्यांनी बांधलेलं एकही मेंढरू लंगडत नाही, हे मीच गावभर सांगत फिरायचे. जीभ झडायला हवी होती माझी.

यंदा पंधरा ऑगस्ट शुक्रवारी आला, शनिवारी गोपाळकाला, मग रविवार. गुरुवारी संध्याकाळी शेळ्यांना पाला तोडताना माझी चौथीतली पोर, राजनंदिनी, कडुलिंबावरून पडली. उजवा हात कोपराखाली मोडला. नवरा मेंढरं घेऊन वालूरकडं गेलेला, त्याचा फोन लागेना. सकाळी मी आणि मामंजी तिला घेऊन निघालो.

सरकारी दवाखान्यात झेंडावंदन होऊन बुंदी वाटून झाली होती आणि डॉक्टर गावाला गेले होते. नर्सबाई एकटीच चार बाळंतिणी सांभाळत होती. हाताचा फोटो काढणारा सोमवारी येईल म्हणाली, गोळ्या दिल्या, परभणीला न्या म्हणून दोनदा बजावलं. गंगाखेडच्या हाडाच्या डॉक्टरनं शटरवर कागद चिकटवला होता, तीन दिवस बंद. हाडांनाही आधी सुट्ट्यांची यादी द्यायला हवी होती.

स्टँडवर परभणीची गाडी लागलेली होती. मी चढायला निघाले, तर मामंजी म्हणाले की तिथंही सुट्टीच असेल, व्हरांड्यात बसून पोरीचे हाल कशाला, मी काय मेलोय का? मला राग आला. पण खरं सांगते, बरंही वाटलं. आम्ही गावची गाडी धरली.

दुपारी त्यांनी हात बांधला. मन लावून बांधला, डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मग मला म्हणाले, "दैवशाला, तीन दिस सोडायची न्हाई. सोडली का हाड सरकतंय."

संध्याकाळपासून पोर रडायला लागली. बोटं सुजली, फुगून चकचकीत झाली. "आई, लय आवळायलंय. मुंग्या यायलेत." मी गाठीला हात लावला की मामंजी नुसते बघायचे, आणि मी हात मागं घ्यायचे. दुखतंय म्हणजे हाड धरायलंय, असं ते सांगायचे. शनिवारभर ती तेच म्हणत राहिली. गल्लीत दहीहंडीचा डीजे वाजत होता.

रविवारी सकाळी रडणं थांबलं. विचारलं तर म्हणाली, आता काहीच दुखत नाही. मी मामंजींच्या पाया पडले. आनंदानं शिरा केला, डाव्या हातानं तिनं दोन घास खाल्ले.

सोमवारी फोटो काढायला गेलो. डॉक्टरनं दोरी कापली. बोटं काळीनिळी पडली होती. त्यांनी टाचणी टोचली, पोरीला कळलंही नाही. रक्तच पोचलं नाही, म्हणाले. आता जीव वाचवायचा तर कोपराखालचा हात काढावा लागेल. कुणी बांधलं होतं हे?

मामंजी भिंतीला टेकून खाली बसले. "मेंढराला असंच बांधतो सायेब," ते म्हणाले. "कधी काई झालं न्हाई. मेंढरू काई बोलत न्हाई."

राजनंदिनी बोलली होती. शुक्रवारी बोलली, शनिवारी दिवसभर बोलली, आणि मी तिच्याजवळच बसून होते.