आडवं माप

शिंपीकाकांनी उभ्या आयुष्यात तयार सदरा विकत घेतला नव्हता, मग तयार उशी कशी घेतील? मान आखडून महिना झाला होता. रात्रभर कूस बदलायची, उशी दुमडायची, थापटायची. शेवटी काकूंनी पांघरूण उचललं आणि बाहेरच्या सोफ्यावर मुक्काम हलवला. "मान सुधारली की येते," म्हणाल्या. काकांना खोली खायला उठली. मानेचं दुखणं एक वेळ परवडलं, पण काकूंच्या दिवसभराच्या तक्रारी ऐकत झोपायची तीस वर्षांची सवय, ती कशी सुटावी?

मग काका इरेला पेटले. आरशासमोर उभं राहून त्यांनी मानेचं, डोक्याचं माप घेतलं, वहीत टिपलं आणि उशी शिवली. शिवण अशी सुबक, की बघत राहावं. सकाळी मान पुन्हा वाकडी. दुसरी शिवली, तिसरी शिवली, चौथीला तर हौसेने झालरही लावली. मान काही ऐकेना.

पाचवीचं कापड अंथरलं असताना काकू डबा घेऊन दुकानात आल्या.

"माप कसं घेतलंत हो?"

"कसं म्हणजे? नेहमीसारखं. ताठ उभं राहून, समोर बघत."

काकू पोट धरधरून हसल्या. "अहो, तुम्ही काय उभ्याने झोपता?"

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. जन्मभर गिऱ्हाइकांना 'ताठ उभे राहा' सांगणाऱ्या माणसाला आडवं माप सुचणार तरी कुठून!

"चढा टेबलावर," काकूंनी फर्मावलं. काका कुशीवर आडवे झाले. काकू त्यांच्या डोक्याखाली कापडाच्या घड्या सरकवत गेल्या आणि मान पाठीच्या रेषेत आल्यावर थांबल्या. टेप लावली. "पाच इंच. आणि तुमच्या उशा जेमतेम तीन!"

"काढू नकोस गं, राहू दे जरा," काका पुटपुटले आणि भर दुपारी, दुकान सताड उघडं टाकून घोरू लागले. कोट न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला काकूंनी तोंडावर बोट ठेवून परत पाठवलं.

तासाभराने काका उठले. मान उजवीकडे वळली, डावीकडेही वळली! आणि डावीकडे स्टुलावर बसलेल्या काकू स्वतःचीच मान चोळताना दिसल्या.

"तुला काय झालं?"

"काही नाही. सोफ्यावर अवघडते."

"कधीपासून?"

"पहिल्या रात्रीपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"चार उशा शिवल्यात, एकदा तरी विचारलंत?"

काका चांगलेच ओशाळले. वाईटही वाटलं. त्यांनी टेबल झटकलं आणि टेप हातात घेतली. "चढ. कोणत्या कुशीवर झोपतेस?"

"तुमच्याकडे तोंड करून," काकू म्हणाल्या. "तुम्हाला कुठून माहीत असणार? तुम्ही आधीच घोरत असता."

काकांनी माप दोनदा घेतलं. त्या दिवशी दुकान तासभर लवकर बंद झालं, आणि दोन उशा घरी गेल्या.