मुगाच्या दाण्याएवढं मलम

टक्. सामसूम दुपारी माझं झाकण उघडलं, की घरात एवढाच आवाज होतो. तो ऐकून सूनबाई आतून विचारतात, "आई, पुन्हा दुखतंय का?" आणि आजी म्हणतात, "छे गं, सहज उघडून बघितलं."

मित्रांनो, मी सांधेदुखीवरच्या मलमाची एक जुनी ट्यूब आहे. आज पार चपटी झालेय, पण जन्मले तेव्हा चांगली गुबगुबीत होते. कारखान्यातून आम्ही बहिणी खोक्यांत बसून देशोदेशी गेलो. प्रत्येक देशाची तऱ्हा निराळी. कुठे आम्हाला काउंटरमागे ठेवतात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कुणाला हात लावू देत नाहीत. माझ्या वाट्याला मात्र उघडं फडताळ आलं, टूथपेस्टच्या शेजारी. तिथून मला आजींच्या लेकीने उचललं. मोज्यात गुंडाळून, बॅगेच्या कोपऱ्यात बसवून तिने मला इथवर आणलं, आणि चार दिवस राहून ती परत गेली.

आजी शिवणकाम करतात. कात्री चालवून चालवून त्यांच्या उजव्या अंगठ्याचं मूळ धरलं होतं. फार पूर्वी त्यांनी इथल्या दुकानात आमची चौकशी केली होती. "चिठ्ठी आणा," एवढं ऐकून त्या परतल्या, त्या पुन्हा विचारायला गेल्याच नाहीत. म्हणून माझं कौतुक फार. मला रेशमी दोऱ्यांच्या डब्यात जागा मिळाली. अंगठा ठणकला, की आजी मुगाच्या दाण्याएवढं मलम घ्यायच्या आणि लगेच झाकण लावायच्या.

"अहो आई, एवढ्याने काय होणार?"

"पोरीने तिकडून आणलंय. दात घासायला नाही."

मग व्हायचं काय, दुखणंही संपेना आणि मीही संपेना. पोटात औषध असून मी नुसती डब्यात पडून. हळूहळू आजींच्या हातून कात्री सुटू लागली. नातीच्या वेण्या शाळेत पोचेपर्यंत सुटायच्या. सूनबाईंनी लाटणं फिरवून माझ्यातला शेवटचा थेंब काढला, त्याच दिवशी आजी म्हणाल्या, "मशीन देऊन टाकते. शनिवारी माणूस येतोय बघायला."

शुक्रवारी सूनबाईंनी मला पिशवीत टाकलं आणि नातीला घेऊन औषधाचं दुकान गाठलं. तिथल्या बाईंनी मला चष्म्याजवळ धरलं.

"हेच औषध आहे की आपल्याकडे. नाव तेवढं वेगळं."

"पण चिठ्ठी लागेल ना?"

"लागायची. आता नियम बदललाय. कुणाला हवंय? दुसरी औषधं चालू आहेत का त्यांना?"

"सासूबाईंना, अंगठ्यासाठी. दुसरं औषध काही नाही."

"किती लावतात?"

सूनबाईंनी करंगळीचं टोक दाखवलं.

"अंगठ्याला लावतात की मुंगीला?" बाई हसल्या. "खोक्यातल्या कागदावर दिलंय तेवढं लावा, नेमाने. उतार पडला नाही, तर डॉक्टरांना दाखवा."

शनिवारी माणूस आला. आजींनी त्याला चहा पाजला आणि म्हणाल्या, "जरा थांबा हो, महिनाभराने बघू." महिनाभराने त्याला बोलवायची वेळच आली नाही. कात्रीचा करकर आवाज पुन्हा सुरू झाला, तेव्हा रिकाम्या पोटीही मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू.

मित्रांनो, औषध जपायचं म्हणजे माणसासाठी जपायचं, माणसापासून नव्हे. आणि एकदा 'नाही' ऐकलं, तरी काही दिवसांनी पुन्हा विचारून बघावं.

नवी ट्यूब आता मशीनवर मोकळी पडलेली असते. मला खरं तर केरात जायला हवं होतं, पण मी अजून दोऱ्यांच्या डब्यातच आहे. काल आजी नातीची वेणी घालत होत्या, अगदी घट्ट. डब्यातून रिबीन काढताना नातीच्या हाती मी लागले. तिने मला उलटंपालटं केलं, दाबून पाहिलं.

"आजी, ही तर संपलीय. आत्याकडची आहे ना? मग तू रोज झाकण उघडून आत काय बघतेस?"