आखूड पंपाची बदली

मी पाण्याचा पंप बोलतोय. विहिरीवरचा नव्हे. एका जुन्या मोटारीत, पंख्याच्या मागे बसणारा, दोन मुठींएवढा पंप. रेडिएटरमध्ये गार झालेलं पाणी इंजिनात ढकलायचं, एवढंच माझं काम. ते अडलं की दहा मिनिटांत इंजिन तापून बसतं. म्हणून काळजी करणं हा माझा स्वभावच झाला आहे.

माझ्यासारखा दुसरा पंप बाजारात नाही. ही फुशारकी नाही, अडचण आहे. माझा मालक फिटर. त्याने भंगारातून एका देखण्या मोटारीचा सांगाडा आणला. तिचं मूळचं इंजिन कधीच गेलं होतं, म्हणून त्याने जनरेटरचं इंजिन बसवलं. सगळं बसलं, पण पंपाला जागा दोन बोटं कमी पडली. कुठलाच पंप तिथे मावेना. तेव्हा त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, पुढे आला. तो ओतारी. "एवढ्यासाठी डोकं धरून काय बसलात, भावोजी? ओततो की," म्हणाला.

त्याने लाकडाचा नमुना कोरला, वाळूत दाबला, वितळलेलं ॲल्युमिनियम ओतलं आणि मी जन्मलो. आखूड, जाड मानेचा. फिटरने माझ्यात बेअरिंग आणि सील बसवलं. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा दोघं बॉनेटवर कान लावून उभे होते. फिटरची बायको दारातून म्हणाली, "त्याला काही सांगायचं असेल तर जेवल्यावर सांगेल. या आता."

सतरा वर्षं बरी गेली. मग एकदा ओताऱ्यासह सगळे सहलीला जाताना गाडीतून वाफ आली. आजूबाजूला माणसं जमली, त्यांत ओताऱ्याची दोन-तीन गिऱ्हाइकंही होती. फिटरने बॉनेट उघडलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "ओतकामच कच्चं. दुसरं काय?" ओतारी पिशवी उचलून बसथांब्याकडे चालू लागला.

तो गेल्यावर फिटरने हात घातला तर होज पाईपची क्लिप ढिली होती, पाणी तिथूनच उडालं होतं. आदल्या दिवशी त्याने स्वतःच बसवलेली. त्याने इकडेतिकडे पाहिलं, स्क्रू अर्धा फेरा आवळला आणि बॉनेट लावून टाकलं. मी पाहत होतो, पण बोलणार कसा? त्यानंतर नऊ वर्षं त्या दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही.

यंदा फिटरची बायको आजारी पडली. डॉक्टरांनी सहा मंगळवार सांगितले, घाटापलीकडच्या इस्पितळात. औषध चढवल्यावर तिला बसवत नसे, येताना आडवं पडून यावं लागे. बसमध्ये ते कसं जमणार? आमच्या गाडीची मागची सीट पलंगाएवढी रुंद. म्हणून गाडी हवी. आणि नेमका तेव्हाच मी गळायला लागलो.

आम्हा पंपांच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं. सील झिजलं की त्यातून पाणी टपकतं. सील मिळतं, बेअरिंग मिळतं. पण वर्षानुवर्षं माझ्यात धातू जपणाऱ्या कूलंटऐवजी नळाचं पाणी ओतलं गेलं होतं. सील जिथे बसतं ती कडाच खाल्ली गेली होती. नवं सील चार दिवस टिके, पुन्हा थेंब सुरू.

फिटर माझा फोटो घेऊन दुकानं पालथी घालू लागला. "गाडी कुठली?" दुकानदार विचारायचा. "गाडी एक, इंजिन दुसरं, पंप घरी केलेला," हा सांगायचा. एकजण हसून म्हणाला, "मग घरच्यांनाच विचारा ना." फिटर हसला नाही.

एकदा पार्सल आलं. होडीच्या इंजिनाचा पंप, माझ्याइतकाच आखूड. भोकंही जवळपास जुळत होती. मला काढून फरशीवर ठेवलं आणि तो चढला. फिटर शीळ घालत होता. पण तापमानाचा काटा चढतच गेला. त्या पंपाची पाती उलट्या बाजूला वळलेली होती. पाणी पुढे जायचं सोडून जागच्या जागी घुसळत होतं. मला परत बसवलं. मला हायसं वाटलं आणि लगेच त्याची लाज वाटली. आता सगळी भिस्त पुन्हा माझ्यावर होती.

फिटर डिकीत पाण्याचे पाच कॅन ठेवू लागला. दर वळणावर काट्याकडे बघे. मागून ती म्हणे, "अहो, रस्त्याकडे बघा."

चौथ्या मंगळवारी, चढाच्या मधोमध, माझं बेअरिंग गेलं. वाफेने काच दिसेनाशी झाली. ती उतरून कठड्यावर बसली. फिटर म्हणाला, "कुणालातरी बोलावतो." ती म्हणाली, "कुणालातरी नको," आणि स्वतःच फोन लावला.

"मी बोलतेय. घाटात अडकलोय. ये."

पाऊण तासात ओताऱ्याचा टेम्पो आला. फिटर बॉनेट उघडायला धावला. "ते राहू द्या," ओतारी म्हणाला, "आधी ताई." तिला पुढे बसवून तो इस्पितळात घेऊन गेला. गाडी दुपारी ओढून आणली, ती थेट त्याच्या कारखान्यात.

त्याने मला खोलून उजेडात धरलं, आतून बोट फिरवलं. फिटर शेजारी उभा होता.

"ओतकाम कच्चं नव्हतं," फिटर म्हणाला. "क्लिप मी ढिली ठेवली होती. त्याच दिवशी कळलं होतं मला."

"मलाही कळलं होतं, भावोजी. दुसऱ्या दिवशी ताई म्हणाली, गाडी ठीक आहे. भोक पडलेला पंप एका दिवसात भरून येतो होय?"

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो होतो."

ओताऱ्याने फळीमागून फडक्यात गुंडाळलेला लाकडी नमुना काढला. "एक कोपरा उंदरांनी खाल्लाय. भरून घेऊ."

हातात सहाच दिवस होते. घाईत ओतलेला पहिला पंप खरोखरच कच्चा निघाला, मानेत बुडबुडा. फिटर तोंड घट्ट मिटून उभा राहिला. ओतारी म्हणाला, "बोला, बोला, आता बोलायला हरकत नाही." दुसरा नीट आला.

आज पाचवा मंगळवार. नवा पंप सकाळीच घाटाकडे गेला, पोटात कूलंट घेऊन. मी इथे ओताऱ्याच्या टेबलावर आहे, बेअरिंगशिवाय. तोही सकाळपासून काम हातात घेतो आणि खाली ठेवतो. मघाशी फोन वाजला.

"चढलात? काटा कुठे होता?" तो म्हणाला. "निम्म्यावर? बरं." मग हातातलं काम खाली ठेवलं. "आणि ताई, तू कशी आहेस?"

पलीकडून ती बराच वेळ बोलत होती. तो नुसता हुंकार देत होता. काय म्हणाली ते मला कळलं नाही. त्याने फोन ठेवला आणि तोंड पुसलं, एवढंच दिसलं.

माझ्या बाजूलाच धातू वितळवायची मूस आहे. कधीतरी मी तिच्यात जाणार हे मला ठाऊक आहे आणि माझी तक्रारही नाही. पण ओतारीदादा, एवढं ऐका. अजून एक मंगळवार उरला आहे. नव्याची अजून खात्री नाही. तो आठवडा जाऊ द्या, ती घरी येऊ दे. तोवर मला इथेच हाताशी ठेवा. एखादं बेअरिंग आणि सील घातलंत तर एक घाट मी अजून चढेन.