वेळेआधीची बांग

मशिदीच्या हौदात पालिकेने रंगीत दिवे सोडल्यापासून नमाजाआधी हातपाय धुणाऱ्याचे हात कधी हिरवे, कधी जांभळे दिसत. बांग देणाऱ्या म्हाताऱ्याला ते पाहूनच मळमळायचं. शहराची तटबंदी दुरुस्त झाली, वेशींना रंग लागला आणि त्याचा गाईड मुलगा भाड्याचा झगा घालून, स्वतःच्या घरचं लग्न असल्यासारखा, पाहुणे मिरवू लागला.

आज तर त्याने ताळच सोडला. "अब्बा, यांची बस लवकर सुटते. संध्याकाळची बांग आत्ताच देऊन टाका."

"सूर्य मावळला नाही अजून."

"यांना कुठे कळतंय?"

"मला कळतंय ना."

म्हातारा हौदाकडे वळला. तोंड कशाला विटाळायचं? एवढ्यात भोंगा खरखरला. कारटं स्वतःच माइकपुढे उभं राहिलं होतं, आणि खोटं कशाला बोला, आवाज लाखात एक होता. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. बांगेला टाळ्या. म्हाताऱ्याला शिसारी आली.

मग तो एकदम घराकडे धावला. बायकोला डोळ्यांनी दिसत नव्हतं. आजारपणात सुटलेले रोजे ती आता भरून काढत होती, आणि दिवस मावळला, आता रोजा सोडायचा, हे तिला बांगच सांगायची.

घर मशिदीला लागूनच. तो पोचला तेव्हा तिचं पाणी पिऊन झालं होतं, पुढ्यात ताट होतं.

"ऐकलंत का? आज आपल्या पोरानं दिली. मी लगेच ओळखलं."

इतकी खुललेली ती त्याने कित्येक दिवसांत पाहिली नव्हती. "छान होता आवाज," तो म्हणाला, आणि त्याला स्वतःच्या जिभेचीही किळस आली.

पाहुण्यांना बसमध्ये बसवून मुलगा घरी आला. तिने त्याला जवळ ओढलं. सूर्य मावळायला आला तसा म्हातारा उठला. मुलगा दारापर्यंत धावत आला. सगळा प्रकार आता कुठे त्याच्या डोक्यात शिरला होता.

"अब्बा, आज राहू द्या," तो कुजबुजला. "अम्मीला कळेल."

"कळू दे."

माइकपाशी उभं राहिलं की घराची खिडकी समोरच दिसे. मुलगा पुन्हा तिच्यापाशी बसला होता आणि ती त्याच्या तोंडावरून हात फिरवत होती. म्हाताऱ्याने कानांवर हात ठेवले आणि बांग सुरू केली.

तिचे हात थांबले. मग तिने ते काढून घेतले आणि पदराला पुसले.